मुकुलच्या खोलीतील अंबाडी

रविवार, २६ जुलै २०१५, पासिर रिस, सिंगापूर

माझ्या सुनेने, सुलेखाने, आज सकाळी येथील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात पुढील मजकूर प्रसिद्ध केला: "आमच्या बाबांनी घरात अंबाडी लावलीये. तिच्यावर मावा पडलाय. कुणाला उपाय माहीत आहे का?" वाक्ये तीन आणि चुकाही तीन. सून म्हणून तिच्याविषयी माझी तक्रार नाही. वृत्तांतलेखिका म्हणून आहे.

अंबाडी मी लावलेली नाही, ती मुकुलची आहे. ती "घरात" नाही, मुकुलच्या खोलीत आहे, आणि त्या खोलीस कुलूप असते. तो मावा नव्हे, लाल कोळी आहे. मावा नुसत्या डोळ्यांना दिसतो. यास भिंग लागते. समूहातील मजकुरावर लाल शाई चालत नाही, म्हणून खरी हकिकत येथे लिहितो. (संवाद बोलल्याप्रमाणे उतरवितो. त्यांतील भाषेचे दोष बोलणाऱ्यांचे आहेत.)

मुकुल हा सुलेखाच्या मावशीचा मुलगा. येथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आमच्या फ्लॅटमधील तिसरी खोली त्याने भाड्याने घेतली आहे. वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी तो जुलैच्या आरंभी पुण्यास गेला. १९ जुलैस खालच्या मजल्यावरील रोहाना मॅडम दारात उभ्या राहिल्या. "अंकल, माय सीलिंग ऑल वेट लाह." माझा मुलगा सौमित्र व सुलेखा दोघेही बाहेर होते. मी मुकुलला दूरध्वनी केला.

"किल्ली शू-रॅकमध्ये आहे काका, माझ्या जुन्या बुटात. पण तुम्ही एकटेच जा. दादाला, ताईला कशाला त्रास?"

आत काळ्या कापडाचे, माणसाच्या उंचीचे कपाट होते. त्यात झगझगीत दिवा, पंखा आणि चार कुंड्या. कुंड्यांना आपोआप पाणी मिळावे म्हणून बसविलेली नळी निसटली होती आणि पाणी फरशीवर वाहत होते. रोपे छातीपर्यंत आलेली, पाने बोटे पसरलेल्या पंजासारखी, करवती कडांची. शेंड्यांशी दाट तुरे.

"अरे," मी म्हणालो, "ही तर अंबाडी."

त्याने ते नाव मला पुन्हा उच्चारावयास लावले. मग तो हसला. "हो काका. अंबाडीच. बरोब्बर ओळखलंत. एक प्रयोग चाललाय. कुणाला बोलू नका हं."

नळी मी काढून टाकली आणि पाणी घालण्याचे काम स्वतःकडे घेतले. सुलेखास सांगितले, कारण घरची सून ही "कुणी" नव्हे. ती समूहात सांगेल याची कल्पना मला यावयास हवी होती.

मंगळवार, २८ जुलै

भिंग घेऊन बसलो. हे भिंग छापखान्यातील आहे. मुद्रितशोधक म्हणून मी याच भिंगाखाली पुण्यातील नामवंतांचे लेखन स्वच्छ केले. पूर्णविराम चालताना मात्र आज प्रथम पाहिले. पानाच्या खालच्या बाजूस टाचणीच्या टोकाहून बारीक, तांबूस जीव. वरच्या बाजूस त्यांनी रस शोषल्याचे पांढुरके ठिपके. दोन कुंड्यांतील तुऱ्यांवर जाळी धरली आहे. लाल कोळी बंद, कोरड्या हवेत भराभर वाढतो, आणि ते कपाट म्हणजे त्याचे माहेरच.

मुकुलला कळविले. तो घाबरला; वडिलांच्या प्रकृतीविषयी सांगताना तो इतका घाबरलेला नव्हता.

"काका, तुऱ्यांवर काही फवारू नका. निंबोळी तेल तर अजिबात नको. तुरे शेवटच्या टप्प्यात आहेत, जे माराल ते आतच राहील."

"अंबाडीचे तुरे कोण खातो? पाने खातात."

"नाही, ते... बियांसाठी, काका."

"बी हवे असेल तर कोळी मेलाच पाहिजे."

"ओल्या फडक्यानं पानं पुसा. बास. आणि तुरे कोरडे ठेवा, नाहीतर बुरशी धरेल."

उत्तर शास्त्रशुद्ध होते. मुलाचा अभ्यास आहे, हे मान्य केले पाहिजे. दुपारभर एकेक पान तळहातावर घेऊन पुसले. बोटांना डिंकासारखा चिकटा बसला तो साबणाने जाईना. वास विलक्षण आहे. लिंबाची साल, रॉकेल आणि ओले मांजर यांचे मिश्रण म्हणता येईल.

रात्री जेवताना सौमित्र म्हणाला, "बाबा, हा वास कसला येतोय?"

"अंबाडीचा."

"अंबाडीला असा वास असतो?"

"तू अंबाडी शेवटची कधी खाल्लीस?"

"आठवत नाही."

"मग."

सुलेखा हसली. "बाबांच्या 'मग'नंतर बोलायचं नसतं, सौमित्र. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी शिकले, तू शिकला नाहीस."

गुरुवार, ३० जुलै

कोळी तिसऱ्या कुंडीवर आला. कीड लागलेले एक पान प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बसने रोपवाटिकांच्या रस्त्यावर गेलो. तेथील वृद्ध चिनी मालकाकडून सुलेखाने दारातली तुळस घेतली होती. जाणता मनुष्य आहे.

त्याने पिशवी उजेडात धरली. मग पाठीमागे पाहिले, गिऱ्हाईक कोणी आहे का ते. पिशवीची घडी करून ती त्याने माझ्याच खिशात परत घातली. हातात दिली नाही.

"अंकल, व्हेअर यू गेट?"

"माझ्या घरी आहे. चार कुंड्या. लाल कोळ्यावर औषध द्या."

"यू थ्रो. टुडे. ऑल."

"एका किडीसाठी सर्व रोपे फेकावयाची? मी अमुक ब्लॉकमध्ये राहतो, आपण येऊन..."

"डोन्ट टेल मी युअर ब्लॉक, अंकल. प्लीज. गो होम."

आणि तो खरोखरच आत जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याच्या ऑर्किडांना माझ्याकडील कीड लागेल अशी त्यास भीती वाटली असावी. भीती समजण्याजोगी आहे, रीत नव्हे. शेजारच्या दुकानातून निंबोळी तेल घेतले. तुऱ्यांवर मारणार नाही, पण जमिनीवर व दाराच्या फटीवर मारण्यास मुकुलची हरकत नसावी.

परतल्यावर सुचित्राचा दूरध्वनी. ही पलीकडच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, राहते, एका बँकेत हिशेबनीस आहे आणि समूहातील प्रत्येक संदेशास उत्तर देते.

"काका, सिंगापुरात अंबाडी, आणि आम्हांला पत्ता नाही? एक जुडी माझी. आत कण्या, वर लसणीची फोडणी. नऊ तारखेला सगळे आमच्याकडेच आहेत, तेव्हा घेऊनच या."

देईन म्हणालो. मग एक कोवळे पान चावून पाहिले. आंबट लागले नाही. कडवट, तुरट लागले. सूर्यप्रकाशावाचून आंबटपणा उतरत नसावा.

रोहाना मॅडमच्या छतावरील ओल तपासण्यासाठी गृहनिर्माण मंडळाचा अधिकारी येत्या गुरुवारी, ६ ऑगस्टला येणार असल्याची सूचना आज आली. त्यास मुकुलची खोली पाहावयाची आहे.

शुक्रवार, ३१ जुलै

लिफ्टपाशी नवे भित्तिपत्रक लावले आहे. अमली पदार्थांपासून दूर राहा, अशा आशयाचे. मजकूर निर्दोष आहे; चित्र चुकीचे आहे. गांजाचे पान म्हणून चित्रकाराने सरळसरळ अंबाडीचे पान काढले आहे.

ही क्षुल्लक बाब नव्हे. ज्या देशात या वनस्पतीपायी माणसाच्या आयुष्याचे वाटोळे होऊ शकते, तेथे तिचे चित्र तरी अचूक असावे. उद्या एखाद्या गरीब बाईच्या भाजीच्या पिशवीत अंबाडीची जुडी सापडली तर? खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत उद्या याच विषयावरील प्रदर्शन आहे. तेथे समक्ष जाऊन चूक दाखवून देईन. नमुन्यादाखल एक धडधाकट पान सोबत नेईन, म्हणजे वाद राहणार नाही.

शनिवार, १ ऑगस्ट

आज जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर चूक राहून जाते.

दहाच्या सुमारास खाली उतरलो. राष्ट्रीय दिनानिमित्त प्रत्येक मजल्यावर ध्वज लटकलेले होते. प्रदर्शनाची पटले उभी केलेली, मुलांसाठी फुगे, एका टेबलामागे गणवेशातील तरुण अधिकारी बाई. माझ्या डाव्या खिशात पिशवीतील पान होते. उजव्या खिशात मुकुलच्या खोलीची किल्ली होती. ती मी हल्ली जवळच ठेवतो. पुढे तीन माणसे होती. माझी पाळी आली.

"मॅडम," मी इंग्रजीत म्हणालो, "तुमच्या चित्रात गंभीर चूक आहे."

"या? विच वन, अंकल?"

"हे पान. हे गांजाचे नाही. ही आमच्याकडील भाजी आहे. मी पुरावा आणला आहे."

तिने हसून खुर्ची पुढे केली. "अंकल, यू शो मी."

माझा हात डाव्या खिशात गेला. पिशवी बोटांना लागली. तेवढ्यात तिने टेबलावरील पटल माझ्याकडे वळविले, कोणते चित्र ते नेमके दाखविता यावे म्हणून. त्यावर पानाशेजारी तुऱ्याचे मोठे छायाचित्र होते. दाट, केसाळ, दव पडल्यासारखा चकाकणारा तुरा. खाली वर्णन: स्पर्शास चिकट, वास उग्र.

मी चित्र तपासण्याच्या सवयीने पाहिले. प्रत्येक केस पाहिला. मग खालचा मजकूर वाचला. लागवड केल्यास वीस वर्षांपर्यंत कारावास. देणे व विकणे यांत कायदा भेद करीत नाही. प्रमाण मोठे असल्यास मृत्युदंड.

"आणि जागा दुसऱ्याची असेल तर?" असे मी विचारले. का विचारले ते सांगता येत नाही.

"डिपेंड्स, अंकल. बट हू गॉट द की, द लॉ विल प्रिझ्यूम इट्स हिज." म्हणजे किल्ली ज्याच्याकडे, माल त्याचा. ती माझ्या हाताकडे पाहत होती. "यू गॉट समथिंग टु शो मी?"

त्या क्षणी मला अंबाडी आठवली. आयुष्यभर मी ती जुडीत पाहिली; मंडईतून आणलेली, सुतळीने बांधलेली, मुळांशी चिखल असलेली. जमिनीत उभी असलेली अंबाडी मी कधीही पाहिलेली नाही. तिला फुले कशी येतात, हे मला ठाऊक नाही.

मी पिशवी खिशातच सोडली आणि रुमाल बाहेर काढला. चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"नाही," मी म्हणालो. "चित्र बरोबर आहे. माझी चूक झाली."

"नेव्हर माइंड, अंकल. यू टेक बलून फॉर ग्रँडचाइल्ड?"

फुगा घेतला. नाही म्हटले असते तर अधिक बोलावे लागले असते. मला नातवंड नाही. लिफ्टमध्ये शेजारचे मलाय गृहस्थ फुग्याकडे पाहून हसले, मीही हसलो. डावा खिसा तळहाताने झाकून वर आलो.

रविवार, २ ऑगस्ट

सौमित्र व सुलेखा तोआ पायोह भागात कोणाकडे जेवावयास गेली. मी डोके दुखण्याचे कारण सांगून मागे राहिलो. पुण्यास दूरध्वनी केला.

"मुकुल, ती अंबाडी नव्हे."

"काका... अंबाडी तुम्हीच म्हणालात."

"होय. नाव मी दिले. तू ते घेतलेस."

"झोप लागत नव्हती, काका. रोज रात्री अमेरिकेचे कॉल. आधी एकाकडून घ्यायचो. मग वाटलं, घरीच केलं तर कुणाकडे जायला नको."

"विकतोस?"

"नाही. आईशप्पथ नाही. शैलेंद्रला दिली होती थोडी, आमच्या ऑफिसातल्या. मित्र म्हणून. काका, दोनच आठवडे. तुरे झाले की मी येऊन सगळं आवरतो."

"गुरुवारी तुझी खोली पाहण्यास माणूस येणार आहे."

मग तो रडू लागला. सत्तावीस वर्षांचा मुलगा. मागून त्याच्या आईचा, सुनेत्राबाईंचा, आवाज आला आणि दूरध्वनी त्यांच्या हाती गेला. मुकुल वडिलांच्या काळजीने रडतो आहे असे त्यांना वाटले असावे.

"निशिकांतराव, मुकुल म्हणत होता, तुम्ही त्याची झाडंसुद्धा बघता. इकडे यांचं पथ्यपाणी, तिकडे त्याचं कसं होईल हा घोर. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे हो."

"मी आहे," असे म्हणालो.

पोलिसांस कळविणे हे कर्तव्य आहे, हे मला कोणी शिकवावयास नको. खाली टेबलामागे बसलेल्या बाईंपाशी कालच बोललो असतो तर प्रकरण माझ्यापुरते सरळ झाले असते. परंतु फ्लॅट सौमित्रच्या नावावर आहे. खोली त्याने दिलेली आहे. किल्ली त्याच्या घरात, त्याच्या शू-रॅकमध्ये होती. बारा वर्षे खपून त्याने व सुलेखाने येथे जे उभे केले, ते एका भिंतीपलीकडे चार कुंड्यांत उभे आहे. त्यांना सांगितले तर ती दोघे "जाणणारी" होतात. ज्याला ठाऊक नाही त्याला खोटे बोलावे लागत नाही. म्हणून सांगणार नाही.

मुकुलला इतकेच कळविले: येऊ नकोस. राजीनामा तिकडून पाठव.

सोमवार, ३ ऑगस्ट

आज पाने पुसली नाहीत. पाणी घातले नाही. कोळी चौथ्या कुंडीवर चढला. ज्या जिवांशी इतके दिवस लढलो त्यांचाच पक्ष घेऊन बसलो आहे. पण गुरुवारपर्यंत त्यांच्याच्याने हे काम उरकणार नाही.

दारातल्या तुळशीच्या पानांवर ठिपके दिसले. माझ्याच कपड्यांवरून तेथे गेला असणार.

मंगळवार, ४ ऑगस्ट

दोघे कामावर गेल्यावर रोपे उपटली. न्हाणीघरात पाट घेऊन बसलो आणि विळीवर चिरली. भाजी चिरतात तशीच. सुलेखा विळी फक्त गणपतीत काढते. तिचे पाते बोथट आहे. देठांनी दाद दिली नाही, घाम सुटला, वासाने डोके भणभणले. थोडे थोडे करून कचऱ्याच्या च्यूटमध्ये, म्हणजे तळमजल्यावरील कुंडीपर्यंत जाणाऱ्या नळात, टाकावयाचे ठरविले होते. निम्मे झाले असेल तोच बाहेरच्या जाळीच्या दाराचा आवाज आला.

सुलेखा. लॅपटॉपची वायर विसरली होती. ती न्हाणीघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, काय करताय?"

उत्तर मी आधीच तयार ठेवले होते. "लाल कोळी पडला. म्हणून रोपे काढून टाकतो आहे." यात असत्य काही नाही.

"अहो, सगळीच? सुचित्राताई जीव खातेय जुडीसाठी. चांगली पानं तरी राहू द्या."

ती खाली बसली, आणि मी नको म्हणेपर्यंत तिने एक तुरा उचललाही. नाकाशी नेला. मग पान उलटसुलट केले. बराच वेळ पाहत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला अर्धशिशी आहे. उग्र वास सोसत नाही.

"मुकुलची ना ही?" तिने हलक्या आवाजात विचारले.

"अंबाडी आहे," मी म्हणालो.

"हो," सुलेखा म्हणाली. "अंबाडीच."

तिने तुरा परत पाटावर ठेवला, हात कोपरापर्यंत दोनदा धुतले. स्वयंपाकघरातून कोबीची जून पाने, कांद्याची साले आणि कालचा भात असलेली कचऱ्याची पिशवी आणून माझ्याजवळ ठेवली. घर स्वच्छ ठेवण्याची तिला पहिल्यापासून आवड आहे. जाताना दारातून म्हणाली, "बाबा, मी आज घरी आले नव्हते. सौमित्रला उगाच वाटेल, वायर विसरते, वेंधळी आहे."

एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी नवऱ्याला भिण्याचे कारण काय, ते समजले नाही. मात्र तिला काही उमगले नाही, हे ईश्वराचे उपकार.

दुपारपर्यंत सर्व काही च्यूटमधून गेले. दिवा, पंखा, कपाट सुटे करून रिकाम्या कुंड्यांसह वेगवेगळ्या ब्लॉकखाली ठेवून आलो. खोलीच्या खिडक्या उघड्या टाकल्या आणि फरशी निंबोळी तेलाने पुसली.

सायंकाळी समूहात सुलेखाचा मजकूर: "बाबांची अंबाडी कोळ्यानं खाल्ली. सगळी फेकली. सॉरी मंडळी, पुढच्या वर्षी." पुन्हा "बाबांची". मी दुरुस्ती केली नाही.

गुरुवार, ६ ऑगस्ट

अधिकारी दहाला येणार होता, अकरानंतर आला. त्या तासाभरात मी खोली चार वेळा हुंगली.

चष्मा लावलेला तरुण, हातात ओल मोजण्याचे यंत्र. मुकुलच्या खोलीत शिरताच तो थांबला. नाक वर केले.

"वॉट स्मेल, अंकल?"

"निंबोळी तेल. रोपांवर कीड होती."

"प्लांट्स व्हेअर?"

"फेकली."

त्याने जमिनीवरील कुंड्यांच्या गोल डागांकडे पाहिले. त्यांवर यंत्र टेकविले, आकडा लिहिला. गुडघे टेकून भिंतीच्या कडेने बोट फिरविले आणि काहीतरी चिमटीत उचलले. तो नळीचा तुकडा होता.

"दिस वन, ह? यू वॉटर टू मच. नो मोर प्लांट्स इनसाइड बेडरूम, ओके?"

"ओके," मी म्हणालो. हा शब्द मी आजवर उच्चारला नव्हता.

जाताना तो दारातील तुळशीपाशी वाकला. पान उलटे करून पाहिले. त्याची आई मिरच्या लावते म्हणे. "अंकल, स्पायडर माइट्स. फ्रॉम इनसाइड युअर हाउस कम आउट."

"होय," मी म्हणालो. "घरातूनच."

रविवार, ९ ऑगस्ट

राष्ट्रास पन्नास वर्षे झाली. सुचित्राकडे सर्व मराठी मंडळी दूरचित्रवाणीवर संचलन पाहत होती. खिडकीबाहेर विमाने गेली तेव्हा मी दचकलो आणि हातातील वाटी कलंडली.

"काका, अख्खी अंबाडी एकट्यानं खाल्लीत आणि नाव कोळ्याचं," सुचित्रा म्हणाली. "एक जुडी द्यायला जीव जात होता का?"

सारे हसले. सुलेखा पुढे झाली.

"मीच फेकायला लावली, सुचित्राताई. बाबा मेपासून जपत होते, पण किडीची भाजी मी कुणाला खायला घालणार नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर."

मेपासून? असे मी कधीच म्हणालो नव्हतो. सुलेखाचा तारखांच्या बाबतीतील निष्काळजीपणा जुनाच आहे. पण तिने हे वाक्य खोलीतील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, आणि नंतर माझ्या पानात शिरा वाढला. मी तो मुकाट्याने खाल्ला.

गुरुवार, १३ ऑगस्ट

सौमित्र कामावरून आला तो बूट न काढताच खुर्चीवर बसला.

"मुकुलच्या ऑफिसातल्या शैलेंद्रला पकडलंय. ड्रग्ज. आणि मुकुलनं तिकडून राजीनामा मेल केला. पोलीस ऑफिसात विचारून गेले, मुकुल कुठे राहत होता म्हणून. बाबा, आपल्याकडे येतील. येऊ देत, आपल्याला काय माहितीये?"

"तुला काहीच माहीत नाही," मी म्हणालो. हे पूर्णतः सत्य आहे, आणि त्या सत्यासाठीच मी हे सर्व केले. सुलेखा गॅसकडे तोंड करून उभी होती. पोळी करपेपर्यंत ती वळली नाही.

मुकुल सुखरूप आहे. त्याची आई निर्धास्त आहे. या दारात जो कोणी येईल तो ज्याच्याकडे किल्ली, त्याला विचारील. किल्ली माझ्याजवळ आहे आणि ती माझ्याजवळच सापडेल. शहात्तराव्या वर्षी वीस वर्षांच्या शिक्षेत फारसा अर्थ उरत नाही. सौमित्रच्या वयात उरतो.

उद्या घर रिकामे झाले की मागील पाने फाडून रोपांच्याच वाटेने पाठवीन. विचारणा झाल्यास अडखळू नये म्हणून पुढील नोंद करून ठेवीत आहे. उमेदीची सारी वर्षे मी मजकुरातील चुका काढल्या. त्यात चूक घालण्याचे काम प्रथमच करीत आहे. ते तरी नीट व्हावे.

दुरुस्त तारखा:

मे २०१५, पहिला आठवडा. बी मी पेरले, अंबाडीचे समजून. (रोपांचे वय पाहता जुलै सांगणे टिकणार नाही. मे हा महिना सुलेखाच्या तोंडून चुकून गेला. तो उपयोगी पडला.)

३ जुलै. मुकुल पुण्यास गेला. त्याची खोली तेव्हा रिकामी होती. कुंड्या माझ्या खोलीत होत्या. त्या मी नंतर हलविल्या.

१९ जुलै. खालच्या मजल्यावर ओल. कारण: माझे अतिरिक्त पाणी घालणे.

१ ऑगस्ट. प्रदर्शन पाहिले. चित्र बरोबर होते. मला चूक तेथे कळली आणि मी कोणासही सांगितले नाही.

४ ऑगस्ट. रोपे मी एकट्याने नष्ट केली. सुलेखा दिवसभर कार्यालयात होती.

तारखांचा क्रम मोडून, सर्वांत शेवटी: २६ जुलै. सुलेखाने समूहात दिलेला वृत्तांत. "मावा" या एका शब्दाखेरीज त्यात दुरुस्तीची आवश्यकता नाही.